पुढच्या वर्गातलं पाणी

कुठल्याही घराची पारख करायची मावशींची एक स्वतःची रीत होती. घरात शिरल्यावर आजारी माणसाकडे त्या नंतर पाहत. आधी आपल्याला बसायला काय ठेवलंय ते पाहत. कुठे प्लॅस्टिकची खुर्ची, कुठे एक पाय आखूड असलेलं स्टूल, कुठे पत्र्याची ट्रंक आणि वर दुमडलेली चादर. ज्या घरात पाठ टेकायला काहीतरी मिळे त्या घरात जेवणही वेळेवर मिळे, असा त्यांचा अनुभव. दुखणाइतांच्या उशाशी बसण्यात अर्धा जन्म गेलेला. बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि शेजारच्या खोकल्याचा सूर जरा बदलला की तोच डोळा उघडायचा. मुलगा थट्टेनं म्हणे, "आमच्या आईला पलंग दिला तर ती त्याच्या शेजारी खुर्ची मांडून बसेल."

गेलं वर्षभर त्या कॅशियर आजोबांकडे होत्या. आजोबा ऐंशीच्या पुढचे, मावशी साठीच्याही अलीकडच्या. तरी तेही त्यांना मावशीच म्हणत. "सगळी गल्ली मावशी म्हणते, तिथं मी एकट्यानं कशाला वेगळी चूल मांडू," असं त्यांचं म्हणणं.

आजोबांची नोकरी बँकेत जाळीच्या खिडकीमागे झाली होती. जगानं त्यांना पाहिलं ते छातीच्या वर. नीट भांग पाडलेले केस, कडक कॉलर, नाकावर चष्मा. टेबलाखाली ते अनवाणी बसत, पण ते कुणाला माहीत होण्याचं कारण नव्हतं. म्हातारपणानं मात्र त्यांना जाळीबाहेर काढलं. काठी टेकत, एक पाय ओढत, चारचौघांतून संडासाकडे जायचं म्हणजे त्यांना मरण वाटे. म्हणून बाहेर कुठे जायचं असलं की ते आदल्या दिवसापासून पाणीच पीत नसत. असंच एका समारंभाला गेले, दिवसभर कोरडे राहिले, घरी येऊन उंबऱ्यात चक्कर येऊन पडले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. मावशी घरात आल्या त्या तेव्हापासून.

आता परदेशातली मुलगी त्यांना कायमचं आपल्याकडे नेत होती. डॉक्टरांनी सांगितलं, इतका लांबचा प्रवास बसून जमणार नाही, आडवं होता आलं पाहिजे. विमानात आडवं व्हायचं तर तिकीट पुढच्या, महागाच्या वर्गाचं. आणि सोबतीची बाई हाताशी हवी, म्हणून मावशींचंही तिकीट तिथलंच. निघायच्या आधी डॉक्टरांनी मावशींना बाजूला घेतलं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, म्हणाले, पाणी विसरू नका. एकदा निभावलं, या वयात दुसऱ्यांदा निभायचं नाही.

इकडे मावशींच्या घरी वेगळीच गडबड. धाकट्या जावेनं बजावलं की वर पैसेवाले काय करतात ते नीट बघून या. एवढे पैसे लोक उगाच मोजत नाहीत, काहीतरी असणारच. मावशींनाही तेच वाटत होतं. पोचायचं तर सगळ्यांनाच एका वेळी. पुढचा माणूस काही मागच्याच्या आधी उतरून घरी जाऊन जेवत नाही. मग हे लोक नेमकं विकत काय घेतात?

विमानाच्या दारातून सगळी माणसं उजवीकडे वळत होती. यांना डावीकडे वळवलं. मावशी बघतच राहिल्या. खुर्च्या कसल्या, खोल्याच त्या. प्रत्येकाला खांद्याइतक्या उंच भिंती, सरकतं दार, समोर टीव्ही. यांच्या दोन जागा मधल्या, एकमेकींना लागून. मधली भिंत बटण दाबलं की खाली जाणारी. आजोबांना चाकाच्या खुर्चीतून उतरवून आत बसवलं, तर समोर पायाशी एक मऊ गादीचं छोटं स्टूल. मावशींना भरून आलं. इतक्या मोठ्या विमानकंपनीनं सोबतीच्या बाईचा विचार केला होता. पिशवी मांडीवर घेऊन त्या आजोबांसमोर त्या स्टुलावर बसल्या आणि या घरात जेवण वेळेवर मिळणार, अशी मनाशी नोंद करून मोकळ्या झाल्या.

हवाईसुंदरी आली आणि गुडघ्यावर बसून बोलू लागली. हेही मावशींना आवडलं. अंथरुणातल्या माणसाशी उभ्यानं बोलू नये, हे नव्या पोरींना सांगून सांगून त्यांचं तोंड दुखलं होतं.

"बाई, ही पाय ठेवायची जागा आहे," ती हसून म्हणाली. "तुमची जागा पलीकडे, आजोबांसारखीच."

"मग मी एवढी मोठी जागा घेऊन करू काय?"

"झोपायचं," हवाईसुंदरी म्हणाली.

यावर आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशींनी लगेच शेजारचं पाणी पुढे केलं. आजोबांनी ग्लास ओठाला लावला आणि खाली ठेवला. पाणी होतं तेवढंच.

 मावशींनी आजोबांच्या पिशवीतली बाटली काढून बघितली. विमानतळावर तपासणीनंतर विकत घेऊन त्यांच्या हातात दिली होती. झाकणाचं सील तसंच होतं. मघापासून "प्यायलो, प्यायलो" म्हणत होते ते सगळं खोटं. त्यांनी आजोबांची जीभ पाहायला मागितली. ते तोंड मिटून बसले. मग हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती उभीच राहिली.

विमान वर गेलं. मधली भिंत खाली होती. हवाईसुंदरीनं गरम ओले रुमाल दिले, खायला काय हवं ते विचारून गेली. मावशींनी रुमालानं आजोबांचे हात पुसले आणि हळूच विचारलं, "कधीपासून नाही प्यायलात?"

"काल संध्याकाळपासून," आजोबा म्हणाले. मग रागावले. "ओरडू नका. इकडची माणसं बघितलीत? एकेकाचे बूट बघा. यांच्या मधून मी काठी आपटत जाऊ? तेही एकदा नाही, चार वेळा? आणि ते तुमचं पोरांसारखं बांधायचं प्रकरण काढू नका. त्यापेक्षा मला खिडकीतून खाली सोडा."

"खिडकी उघडत नाही," मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

ओरडून उपयोग नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. लाज ही काही बोलून जाणारी गोष्ट नव्हे. तिच्यासाठी आडोसाच शोधावा लागतो. त्या आधी संडास बघून आल्या. चार पावलांवर, पुढच्या बाजूला. दार आत दुमडणारं. धरायला दांडा आहे, पण डावीकडे, आणि आजोबांचा डावाच हात दुबळा. सोबत आत उभं राहता येईल का, हे त्यांनी दोन्ही हात पसरून बघितलं. येत होतं, पण पोट आत घेऊन. तिथे ताजं फूल होतं, सुगंधी पाण्याच्या चिमुकल्या बाटल्या होत्या, कापसासारखे मऊ रुमाल घडी करून ठेवलेले होते. बाटल्या बघायची त्यांना फार इच्छा झाली, पण आधी काम.

परत येताना त्या मुद्दाम सावकाश चालल्या, माणसं बघत. आणि चालता चालता त्यांच्या लक्षात आलं की त्यांना माणसं दिसतच नाहीयेत. एक पांढरे केस दिसले, एक कोपर दिसलं, एका बंद दाराच्या वर टीव्हीचा उजेड हलत होता. बस्स. आणि त्यांच्याकडेही कुणी मान वर करून पाहिलं नाही. मावशी वाटेतच थांबल्या. जावेचं कोडं सुटलं होतं. ही माणसं गादी विकत घेत नव्हती, जेवण तर नव्हतंच. कुणी आपल्याला पाहू नये आणि आपल्याला कुणी दिसू नये, याचे हे पैसे होते.

त्यांनी आजोबांना सांगितलं, "जरा आडवे व्हा."

"आत्ताच?"

"व्हा तर."

बटण दाबल्यावर खुर्ची कुरकुर न करता सपाट झाली, हे बघून मावशींना हॉस्पिटलातल्या हाताने फिरवायच्या सगळ्या खाटा आठवल्या. त्यांनी आजोबांच्या अंगावर पांघरूण घातलं, दार सरकवून लावलं, संडासापर्यंत गेल्या, आल्या, आणि आपल्या जागेवर येऊन मधल्या भिंतीवरून वाकून पाहिलं.

"मी कुठे गेले होते?"

"मला काय माहीत? गेला होतात?"

"जाऊन आले."

आजोबा छताकडे पाहत पडून राहिले. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मावशींना कळत होतं. बँकेतला माणूस, एका मोजणीवर विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"पुन्हा जा," ते म्हणाले. "आता माझी काठी घेऊन. आणि मी चालतो तशा चाला. तुमच्या चालीचा आवाज होत नाही."

मावशींनी काठी घेतली आणि एक पाय ओढत, ठक् ठक् करत निघाल्या. मधेच हवाईसुंदरी समोर आली आणि काळजीनं म्हणाली, "बाई, पाय दुखतोय का तुमचा?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "आजोबांचा दुखतोय."

ती पोरगी हुशार. क्षणभर मावशींकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं, काठीकडे बघितलं, आणि बाजूला झाली. मग हळू आवाजात म्हणाली की जेवणं झाली की दिवे मंद करतो, दिवस असला तरी पडदे लावतो, तेव्हा बहुतेक सगळे झोपतात. आणि आत जाताना मला खूण करा, मी बाहेर उभी राहीन. मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्यासारखीच तीही दुसऱ्यांची झोप सांभाळायला जागी राहणारी. दोघींना एकमेकींना फार समजावायला लागलं नाही.

आजोबांनी या वेळी डोळे मिटून कान दिले होते. निकाल त्यांनी जरा वेळ घेऊन सांगितला. काठी ऐकू आली नाही. विमानाचीच घरघर एवढी आहे. पांघरुणातून हात बाहेर आला आणि ग्लासाकडे गेला. अर्धा ग्लास प्यायले. थांबले, जणू काही होतंय का बघत होते. मग उरलेला प्यायले. मावशींनी ग्लास पुन्हा भरून ठेवला. जेवणाबरोबर सूप गेलं, फळांचा रस गेला. मावशींनी आपल्या ताटातलं लोणी बोटानं चाखून पाहिलं, आणि पावावर फासलं तेव्हा आजोबांनी त्यांना सुरी कशी धरायची ते दाखवलं. त्यांची जीभ आता ओलसर दिसत होती.

दिवे मंद झाल्यावर बऱ्याच वेळानं हाक आली. "मावशी." आवाज असा की भिंतीलाही ऐकू जाऊ नये.

मावशींनी आधी दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि हवाईसुंदरीला खूण केली. आजोबांना उठवलं, काठी दिली, कोपराला धरलं. जाताना ते मान खाली घालून, नजर बुटांवर ठेवून गेले. आतलं सगळं निभावलं. उजव्या हातानं मावशींचा खांदा धरला आणि डाव्या दांड्याची गरजच पडली नाही. दार उघडून ते बाहेर आले तेव्हा हवाईसुंदरी पाठ करून उभी होती आणि कप मांडत असल्याचं नाटक चांगलं करत होती.

परतताना मात्र आजोबांनी मान वर केली. पहिल्याच खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत मघाशी ज्याचे बूट चकाकत होते तो गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपला होता. बूट काढून ठेवलेले, आणि मोज्यातून अंगठा बाहेर. आजोबा थांबले. त्यांनी तो अंगठा शांतपणे पाहून घेतला. पुढच्या खोलीत एक बाई झोपेत हसत होती. त्याच्या पुढे एक तरुण कपाळावर घडी केलेला रुमाल ठेवून, हात छातीवर जोडून पडला होता.

"चला," मावशी कुजबुजल्या. त्यांच्या खांद्यावर आजोबांचा भार वाढत चालला होता. "जागा आली आपली."

आजोबा हलले नाहीत. त्यांनी काठीनं विमानाच्या दुसऱ्या अंगाकडे दाखवलं. तिकडेही तशीच वाट होती, तशाच खोल्या.

"तिकडून वळून येऊ," ते म्हणाले. "आणि त्या मुलीला चहा सांगा. दोन कप. माझा मोठा."

मावशींनी आपला हात त्यांच्या काखेत आणखी घट्ट सरकवला, हवाईसुंदरीकडे बघून दोन बोटं दाखवली, आणि दोघं त्या बाजूला वळली.