टर्बोला जाकीट शिवणाऱ्या शालनताई

शालनताई येळवंडे यांची आणि माझी ओळख झाली ती भांडणाने. भांडण अर्थात एकतर्फी, माझ्याच बाजूने. दिघीजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या यार्डात मी गाड्यांच्या देखभालीचं काम बघतो. ऐन एप्रिलच्या दुपारी एक बाई कापडी पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या गाड्यांच्या टर्बोला जाकीट शिवून देते." माझं डोकं लवकर फिरतं. मी म्हणालो, "बाई, इथे माणसं उकाड्याने हैराण झालीत आणि तुम्ही इंजिनाला जाकीट घालायला निघालात?" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "माणसं हैराण झालीत म्हणूनच." ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला बसलो आणि तो आवाज पहिल्यांदा आठवला. इतक्या वर्षांत तो चढलेला मी ऐकलेला नाही. मला ते आजही जमत नाही.

ज्यांचा गाड्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणून भरलेला ट्रक घाट चढतो. चढता चढता टर्बो लालबुंद होतो. ती धग बॉनेटखाली कोंडते. वायरी कडक होतात, रबरी पाइप तडकतात आणि बॉनेटला खेटून बसलेल्या ड्रायव्हरचा पाय दिवसभर शेकत राहतो. ताईंचं जाकीट ही धग टर्बोपाशीच अडवतं. आत काचेच्या धाग्यांचं जाड अस्तर, वर तेव्हा कापड असायचं, आणि स्टीलच्या तारेची शिवण. आमची पोरं त्याला गोधडी म्हणतात. ताईंना ते मुळीच आवडत नाही.

ताई चाकणजवळच्या शेतकरी घरातल्या. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्यांनी आकुर्डीला एका कारखान्यात सायलेन्सर तपासण्याचं काम केलं आणि मग गावाजवळच स्वतःची शेड टाकली. गावातल्या बायकांना शिवणकाम येतच होतं. ताईंनी त्यांना तार शिवायला शिकवलं. शेड उभी राहताना आधी न्हाणीघर बांधलं, ऑफिस नंतर. काचेचे बारीक धागे अंगाला टोचतात, खाज सुटते. ते कपडे घरी नेऊन लेकराला जवळ घेतलं की त्यालाही त्रास. म्हणून आजही तिथली प्रत्येक बाई अंघोळ करून, घरचं लुगडं-साडी नेसूनच बाहेर पडते. ताईंचं ऑफिस बरीच वर्षं पत्र्याच्या आडोशाला होतं आणि पाहुण्यांना तिथे बसवताना त्यांना कधी संकोच वाटला नाही.

कामाची त्यांची एक पद्धत आहे. गाडीत बसून घाट चढल्याशिवाय त्या माप घेत नाहीत. आमच्याकडे पहिल्या खेपेला त्या भीमराव नावाच्या ड्रायव्हरच्या गाडीत बसल्या. भीमराव मूळचे लातूरकडचे, दिघीत खोली घेऊन बायको-मुलांसह राहणारे. परत आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, ताईसमोर गाणं लावावं का न्हाई कळंना. सगळा घाट मुक्यानं चढलो की!" ताई मात्र बॉनेटवर कुठे हात ठेवता येतो आणि कुठे येत नाही, ते खडूने आखून खाली उतरल्या होत्या. त्या खुणांवरून त्यांनी आमच्या गाड्यांची जाकिटं बेतली. ड्रायव्हर खूष झाले, कंपनीचे मालक, आमचे शेठ, खूष झाले आणि सगळ्या गाड्यांचं काम ताईंना मिळालं. मीही निमूटपणे चहा पाजला.

पण ताई कोण आहेत हे मला कळलं ते त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर.

खंडेनवमीला आमच्या यार्डात गाड्या धुऊन पुसून नवरीसारख्या सजवतात. इंजिन चकाकावं म्हणून डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. भीमराव हौशी. त्यांनी इंजिनाबरोबर जाकीटही छान चोळून पुसलं, हळदकुंकू वाहिलं आणि दसरा झाल्यावर माल भरून निघाले. घाटात बॉनेटमधून धूर आला, पाठोपाठ जाळ. भीमरावांनी गाडी कडेला घेऊन माती टाकून आग विझवली, म्हणून ते आणि गाडी दोन्ही वाचले. वायरिंग मात्र जळालं.

शेठ संतापले. ड्रायव्हर फडकं आतच विसरला असणार, याला आजच काढून टाका, असा त्यांचा हुकूम. मी त्यांच्यापेक्षा जास्त संतापलो होतो, पण माझा राग जाकिटावर होता. मी ताईंना फोन केला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्या एवढंच म्हणाल्या, "येते."

शेठच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. भीमराव दाराशी, मान खाली. शेठनी ताईंना खुर्ची दिली आणि म्हणाले, "ताई, तुमच्या मालाबद्दल आमची तक्रार नाही. या बाबाचाच हलगर्जीपणा आहे. तुमचं काम चालू राहील." ताईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यांच्या शेडमधल्या निम्म्याहून जास्त बायकांचं पोट तेव्हा आमच्या गाड्यांवर होतं, आणि हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

ताईंनी जळकं जाकीट हातात घेऊन वास घेतला. मग भीमरावांना विचारलं, "दादा, हे कशानं पुसलं होतं?"

भीमराव घाबरत म्हणाले, "डिझेलनं, ताई. पूजेला गाडी चकाचक नगं का? फडकं इसरलो न्हाई, लेकरांची आन."

"मला ठाऊक आहे," ताई म्हणाल्या आणि शेठकडे वळल्या. "शेठ, यांनी भक्तीनं पुसलं. पुसू नका, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वरचं कापड डिझेल पितं आणि मग पेट घेतं, एवढं मला कळायला हवं होतं. चूक मालाची आहे. काढायचं तर माझं काम काढा, यांना नाही."

शेठनी भीमरावांना ठेवलं आणि ताईंचं काम खरोखरच काढलं. ताईंचा शब्द त्यांनी तंतोतंत पाळला, काय करणार! ताई तिथून उठल्या त्या थेट यार्डात गेल्या आणि पाना मागून उभ्या असलेल्या गाड्यांची जाकिटं स्वतः उतरवू लागल्या. भीमराव त्यांच्या हाताखाली उभे राहिले. मी केबिनच्या खिडकीतून बघत होतो आणि माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. त्या दिवसापासून मी या बाईंना मनोमन मानतो, हे आज इथे उघडपणे लिहितो.

पुढचे महिने शेडवर कठीण गेले. ताईंनी एकाही बाईला घरी बसवलं नाही. मिळेल ते किरकोळ शिवणकाम आणलं आणि दुसरीकडे नवं जाकीट घडवत राहिल्या. शेवटी वरच्या कापडाऐवजी स्टीलचा पातळ पत्रा आला, कडा दुमडून अशा बंद केल्या की डिझेल आत झिरपूच नये. ते घेऊन त्या शेठसमोर आल्या, त्यावर डिझेल ओतलं, फडक्याने टिपलं आणि कात्रीने कापून आतलं कोरडं अस्तर दाखवलं. शेठनी काम परत दिलं.

त्यानंतर दर खंडेनवमीच्या आधी ताई आणि त्यांच्या शेडमधल्या बायका भोसरीपासून चाकणपर्यंत यार्डायार्डांत फिरतात. ड्रायव्हरांना कोरडी फडकी वाटतात. हार बंपरला घाला, बॉनेटखाली काही ठेवू नका, डिझेलनं पुसू नका, असं एकेकाला सांगतात. मी एकदा चिडवलं, "ताई, तुम्ही तर देवालाही हद्द आखून दिलीत." त्या म्हणाल्या, "देवाला कळतं हो. तुम्हाला सांगावं लागतं."

आता ताईंचे गुडघे कुरकुरतात. ट्रकच्या केबिनच्या पायऱ्या चढताना त्या दांडा घट्ट धरतात, पण नव्या मॉडेलचा ट्रक आला की घाट चढल्याशिवाय माप घेत नाहीत. कुणी नको म्हटलं तरी ऐकत नाहीत, आणि या वयात ऐकतील असं मला वाटत नाही.

या ग्रंथासाठी दोन ओळी द्या, असं मी भीमरावांना म्हटलं. ते आता आमच्याकडे नव्या ड्रायव्हरांना शिकवतात. म्हणाले, "मला काय लिवता येतंय, साहेब? त्या दिवशी बायकोनं सामान बांधून ठिवलं होतं, गावाकडं निघायला. सांजच्याला मी घरी गेलो आन् म्हनलो, सोड ते गाठोडं. ताईनं चूक आपल्या अंगावर घेतलीया. तर ती गाठोड्यावरच बसून रडली बघा."

शालनताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि अशी बांधून ठेवलेली गाठोडी त्यांच्या शब्दाने सुटत राहोत.