मी कधी जेवते, हे सोडून सगळं विचारलं

"काल कुठं हाणलीस बुंदी?"

डॉक्टर रिपोर्टवरची नजर न उचलता बोलले. मी सत्तेचाळीस वर्षांची. ते माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. माझ्या आधीच्या बाईंना म्हणाले होते, "काकू, सावकाश बसा." मी उभीच.

"साखर खात न्हाई मी. चहापण बिनसाखरेचा."

"आडनाव काय?"

सांगितलं.

"राहतेस कुठं?"

वस्तीचं नाव सांगितलं. शेजारच्या शिकाऊ डॉक्टरणीकडं बघून ते हसले. "मग बरोबर. यांच्यात रोज कार्यक्रम. खातात आणि खोटं बोलतात." पुढचं इंग्रजीत. तीही हसली. डॉक्टरांनी गोळी वाढवली.

"डॉक्टर, दुपारी लई घाम सुटतो. हात थरथरतात."

"नाटकं नकोत. चल."

तिथून डोक्यात संशय शिरला. आडनावाचा आणि साखरेचा काय संबंध? इंग्रजीत काय बोलले? त्या काकूंची गोळी आणि माझी गोळी एकच असेल का? मग संशय घरात आला. लेक साखरेचा डबा हलवून बघायला लागली. "आई, खरं सांग की." शेवटी मलाच माझा भरवसा वाटेना. भाकरी अर्धी केली.

मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल शिवते. सकाळी सातला चहाबरोबर गोळी, मग कंपनीची बस. जेवण दोनला. एका दुपारी, जेवणाला अजून वेळ होता, मशीनची सुई दोन-दोन दिसायला लागली. पोलकं घामानं चिंब. पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तर शेजारच्या मशीनवरची शहनाज तोंडाशी साखर धरून बसलेली. "खाओ आपा, खाओ."

मी तोंड मिटून घेतलं. साखरेची भीतीच बसली होती.

कंपनीच्या नर्सबाईंनी बोट टोचून तपासलं होतं. "खा हो. साखर पार खाली गेलीय तुमची. गोळी घेऊन जेवला नाहीत का?"

"जेवण दोनला असतं."

"आणि गोळी सातला? डॉक्टरांना सांगितलं नाही?"

सांगितलं होतं की. घाम सांगितला, थरथर सांगितली. दोन वर्षं त्या दवाखान्यात जातेय, मी कधी जेवते हे कुणी एकदाही विचारलं नव्हतं. आडनाव विचारलं होतं.

रडू आलं नाही. फरशीवर पडल्या पडल्या राग आला. मरता मरता वाचले होते, आणि खोटारडी मीच.

पुढच्या सोमवारी गेले. खुर्ची ओढून बसले.

"काय गं, परत वाढली?"

"अगं-तुगं नको. तुमी म्हणा. आणि आज मी सांगते, ते लिवून घ्या."

 शिकाऊ पोरीनं पेन उघडलं. डॉक्टरांनी नाही. ड्युटीची वेळ, जेवणाची वेळ, पडले ते, सगळं सांगितलं. त्यांनी गोळी बदलली. चुकलं म्हणाले नाहीत. नजर कागदावरच.

ती चिठ्ठी मी मेडिकलवाल्याकडून वाचून घेतली. नर्सबाईंना दाखवली. मगच गोळी घेतली. भरवसा अजून नाही. बसेल असंही वाटत नाही.

तरी जाणार त्याच दवाखान्यात. आता वस्तीतल्या दोघी बरोबर असतात, त्यांनाही शुगर आहे. आत जायच्या आधी त्यांना सांगते, मान खाली घालायची न्हाई. ही गोळी काय करते, जेवायला उशीर झाला तर काय करायचं, मराठीत सांगा म्हणायचं. कळेपर्यंत उठायचं न्हाई. रांग खोळंबली तर खोळंबू दे.