नाना, केळीची फणी आणून दाखवा

आमचे नाना गोठ्यापर्यंत गेले तरी धापा टाकायचे, वाटेत खांब धरून उभे राहायचे. पण जळगावच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई फोनवर दिसणार म्हटलं, की गडी एकदम नवरदेव. इस्त्रीचा सदरा, कोरी टोपी, गालाला पावडर. आमच्या फैजपूरच्या घरात पाहुण्यासमोर दुखणं काढत नाहीत, आणि नानांच्या लेखी डॉक्टरबाई पाहुण्याच.

"कसं वाटतंय, नाना?"

"एकदम मस्त, ताई. मले काय धाड भरली हाये?"

फोन धरायचं काम माझं. मी भुवया उडवल्या, छाती धरून धापा टाकून दाखवल्या. पण कॅमेरा नानांकडे, माझा सगळा अभिनय वाया. शेवटी म्हणालो, "चालताना दम लागतो त्यांना."

"याले लहानपणापासून नाटकाचा नाद, ताई," नाना म्हणाले. डॉक्टरबाई हसल्या. त्याच गोळ्या चालू ठेवा, म्हणाल्या.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बोलली, "अहो, ताईंना आपल्या केळीची एक फणी तरी आणून दाखवा."

नाना टुणकन उठले. केळी मागच्या पडवीत. मी फोन त्यांच्यावर रोखला. जाताना ऐट होती. येताना खांब लागला आणि नानांनी तो धरला. फणी दाखवून काही बोलायला गेले, शब्दच फुटेना. डॉक्टरबाईंचं हसू गेलं. "आजच घेऊन या त्यांना."

हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. वेळेत उघडली. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, "मुद्दाम उठवलंत ना त्यांना?"

"बसल्या जागी सगळे धडधाकटच दिसतात," आई म्हणाली. बाईंनी मान डोलावली. मी मनातल्या मनात दोघींना हात जोडले. आईला सुचलं, आणि बाईंना ते विचारावंसं वाटलं.

परवा धुळ्याहून बहिणीचा फोन. तिच्या सासूबाईंना त्याच हॉस्पिटलातले दुसरे डॉक्टर फोनवर तपासतात. त्यांनी म्हणे फर्मावलं, "आजी, आतून काहीतरी आणून दाखवा." सासूबाई पदर सावरत बहिणीला म्हणाल्या, "आते याले काय द्याचं?" आणि लोणच्याची बरणी घेऊन आल्या. त्या हॉस्पिटलात आता फोनवरच्या सगळ्याच पेशंटना असं उठवतात.

मी हसत हसत हे आईला सांगत होतो. तोच पडवीतून नाना आले, हातात केळी, पाय कुठेही न अडखळता, आणि एका दमात म्हणाले, "पण आणून दाखवली कोणी? मीच ना?"