दिवे बंद केल्यावर
सोसायटीच्या पार्किंगमधली पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची परवा भंगारवाल्याला दिली, आणि वडिलांची ती दुपार आठवली. कॅन्सर किती पसरलाय हे पाहायला त्यांचं पेट स्कॅन केलं होतं. सेंटरच्या दारात उद्घाटक मंत्र्यांचं नाव संगमरवरात कोरलेलं होतं. रुग्णांसाठीच्या सूचना मात्र पुसट झेरॉक्सवर होत्या. स्कॅनआधी दिलेल्या इंजेक्शनमुळे अंगातून किरणं निघतात, संध्याकाळपर्यंत लहान मुलांपासून लांब राहा, एवढंच त्यातून कळलं. वडील नाशिक रोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेले. नियम म्हणजे नियम. घरी न येता ते खालीच खुर्ची टाकून बसले. माझी चार वर्षांची मुलगी गॅलरीतून ओरडली, “आजोबा, वर या ना!” “आत्ता नको गं बाई, माझ्या अंगातून किरणं निघतायत.” “म्हणजे तुम्ही चमकता?” “मग! ट्यूबलाइटसारखा.” अंधार पडल्यावर ते वर आले, तशी तिनं आईला सगळे दिवे बंद करायला लावले. काळोखात आम्ही त्यांच्याकडे बघत उभे राहिलो. “कुठे चमकताय?” ती हिरमुसली. “बॅटरी संपली वाटतं,” वडील हसले आणि हळूच मला म्हणाले, “रिपोर्ट आला का रे?” मी म्हणालो, “उद्या येईल.” तेवढ्यात दिवे लागले. स्कॅनची चित्रं तासाभरापूर्वीच माझ्या मोबाइलवर आली होती. त्यांत कॅन्सर पोचला होता तिथे तिथे, मानेपासून कमरेपर्यंत, ते जागोजागी लखलखत होते. मुलगी आता दहावीत आहे. त्या संध्याकाळी दिवे अजून थोडा वेळ बंद राहिले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.