गरम तेलातली हळद

"बाई, हात सैल सोडा ना. तुम्ही देतच नाही, मीच ओढून घेतेय."

सिडकोत, पवननगरच्या एका ब्युटी पार्लरमध्ये, उज्वला पगारे पहिल्यांदा नखं करायला बसल्या तेव्हा कौसर हे म्हणाली. बाईंनी मनगट टॉवेलवर टाकलं. बोटं मात्र ताठच राहिली, कुणीतरी आत्ताच 'सावधान' म्हटल्यासारखी.

"कुठे शिकवायचात?"

"तुला कसं कळलं मी शिकवायचे ते?"

"आत आल्या आल्या तुम्ही बसायच्या आधी सगळ्यांकडे एक नजर टाकली. कोण आलंय, कोण नाही."

बाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे आवाज जरा खरखरीत आला.

एकसष्ट वय. माहेर नांदगावचं. एकतीस वर्षं पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून काढलेली, त्यामुळे नखांत कायम खडू. नवरा रविराज अंबडच्या एका कारखान्यात लेथवर, त्याच्या नखांत कायम काळं तेल. दोघं एका ताटात जेवायला बसली की तो म्हणायचा, "एक हात फळ्याचा, एक हात खडूचा." चार वर्षांपूर्वी सकाळी पाळीला निघताना बूट घालायला खाली वाकला तो पुन्हा सरळ झालाच नाही. मुलगा सुयश बंगळूरला. पार्लरची ही वेळ सुनेनेच बाईंच्या वाढदिवसाला फोनवरून ठरवून दिली होती. "आई, आता तरी हातांचे लाड करा!"

बाईंना माणसं नव्हती असं नाही. कॉलनीत दहा पावलांवर एक "जयभीम, बाई" मिळायचा. रविवारी विहारात वंदनेनंतर बायका सतरंजीवर गोल करून बसत, कुणाच्या मांडीवर कुणाचं पोर, कुणाच्या पाठीत कुणाचा धपाटा. बाई आल्या की कुणीतरी लगबगीने प्लॅस्टिकची खुर्ची आणून पुढे मांडायचं. "बाई, वर बसा." मग बाई वर बसत, आणि खाली गप्पा जरा हळू आवाजात चालत. आदर इतका की कुणी खांद्यावर हातही ठेवत नसे.

आणि इथे ही सव्वीस वर्षांची पोरगी, वडाळा गावातून स्कूटीवर येणारी, त्यांचं एकेक बोट धरून तपासत होती. अंगठ्याशी थांबून म्हणाली, "हे नख कधी चिरडलं होतं का?"

"शाळेच्या दारात. एकोणनव्वद साली."

"अजून वाकडंच उगवतंय बिचारं." आणि तिने त्या नखावरून अंगठा फिरवला.

एकोणनव्वद सालापासून त्या नखाची चौकशी कुणी केली नव्हती.

कौसरने दहाही नखांना दुधी गुलाबी जेल पॉलिश लावलं, निळ्या दिव्याखाली सुकवलं आणि बजावलं, "तीन आठवडे काही होत नाही याला."

चौथ्याच दिवशी झालं. बाईंनी पिठलं केलं, भाकरी कुस्करून हाताने खाल्लं, आणि उजव्या हाताची चार नखं पिवळी पडली. साबणाने घासली तर विटकरी झाली. गुरुवारी अकरा वाजता बाई हात पदराखाली लपवून पार्लरच्या दारात उभ्या.

"दाखवा. लपवता काय, मी काय छडी मारणारे?" कौसरने हात ओढला. "या अल्ला! साबण लावलात ना?"

"लावला."

"हळदीला साबण लावला की ती चिडते, लाल होते. रिमूव्हरने तर नाही ना पुसलं?"

"ते नाही."

"नशीब. त्याने चमकच जाते. मग नख खडबडीत होतं आणि डाग आणखी धरतं."

स्पिरिटमध्ये कापूस बुडवून तिने एकेक नख पुसलं. वरवरचं निघालं. आत शिरलेलं राहिलं, ते तिने बारीक कानशीने वरचा थर हलका घासून काढलं, नवा थर दिला, पुन्हा दिव्याखाली धरलं. हात चालू, तोंड चालू. धाकटा भाऊ अल्तमश रात्री झोपेत क्रिकेटची कॉमेंट्री करतो. आई, आबिदा, दुपारी मालिका बघता बघता मालिकेतल्या सासूला शिव्या घालते. मग शिकवणी. "फोडणी करताना हातमोजे. हळदीचं काही असेल तर चमच्याने जेवायचं. बोट लागलंच तर लगेच लिंबाची फोड चोळायची, सुकू द्यायचं नाही. केस रंगवताना तर मोजे हवेतच. आणि सगळ्यात वाईट काय, माहितीये?"

"काय?"

"गरम तेलातली हळद. ती एकदा आत शिरली की माझ्या बापाच्यानेही निघत नाही."

बाई विद्यार्थिनीसारख्या मान डोलवत होत्या. पाऊण तास झाला. पाऊण तास त्यांचा हात कुणाच्या तरी हातात होता.

पुढच्या आठवड्यात बाई सांगितल्याप्रमाणे वागल्या. मोजे, चमचा, लिंबू. गुरुवारी सकाळी दहा वाजता खिडकीच्या उजेडात नखं पाहिली. निर्मळ. एक डाग नाही.

म्हणजे जायला कारण नाही.

नुसतं जावं, असं मनात आलं. पण बाई आयुष्यात नुसत्या कुठे गेल्या नव्हत्या. मीटिंगला गेल्या, प्रशिक्षणाला गेल्या, जनगणनेला, निवडणुकीच्या ड्युटीला, कुणाच्या बारशाला, कुणाच्या मयताला. दार वाजवलं की आतून "काय काम काढलंत, बाई?" असं विचारतात आणि त्याला उत्तर लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी गॅस पेटवला. फोडणीच्या पळीत तेल घेतलं. अर्धा चमचा हळद. तेल सोसेल इतपत निवल्यावर वाटीत ओतलं आणि उजव्या हाताची बोटं बुडवून खुर्चीत बसल्या. भिंतीवरच्या फोटोतून रविराज बघत होता. बाईंनी खुर्ची वळवून घेतली.

"चमचा नाही वापरला?" तासाभराने कौसर विचारत होती.

"विसरले."

"बाई असून विसरता?"

त्या आठवड्यात विसरल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात मोजा फाटला, त्याच्या पुढच्या आठवड्यात लोणचं घातलं. दर वेळी बाई कारण घरून तयार करून नेत, वाक्यरचनेसकट. दर वेळी कौसर नखं पुसे, घासे, नवा थर देई. पैसे घेत नसे. "माझं काम टिकलं नाही तर पैसे कसले?" बोलता बोलता तिचं हसणं कमी होत गेलं, हे बाईंच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं, पण त्यांनी ते हजेरीत घेतलं नाही.

पाचव्या गुरुवारी बाई बसल्या तेव्हा कौसरने स्वतःचा डावा हात टेबलावर ठेवला.

"हे बघा."

पाच बोटं, पाच नखं, प्रत्येकाची चमक थोडी निराळी.

"पाच कंपन्यांचे टॉप कोट, तो सगळ्यात वरचा थर. काल घरी लावले आणि रस्सा केला. पाचही बोटं रश्श्यात बुडवून बसले. अम्मी म्हणाली, पोरगी वेडी झाली. अल्तमशने व्हिडिओ काढला." ती हसली नाही. "अंगठा थोडा पिवळा झाला. बाकीची पुसल्यावर साफ. तुमच्यासारखा रंग एकालाही आला नाही."

बाईंनी त्या पाच नखांकडे पाहिलं. आपली पिवळी बोटं टॉवेलखाली सरकवली.

"मग मी दिवा तपासला. म्हटलं दिवाच गेलाय, नीट सुकवत नसेल. तो पण चांगलाय. मग राहिलं काय? माझा हात." कौसरने आवाज खाली आणला. "बाई, खरं सांगा. बाकीच्यांची नखं नीट राहतात. तुम्ही खाता तरी काय?"

"कौसर, अगं…"

"कौसर!" आतून मालकीण आली. अंजली, चाळिशीची, कानाला फोन, तो तिने छातीशी दाबला. "परत ह्याच? नमस्ते, मॅडम. हे बघ, मी तुला म्हटलं होतं. एकाच कस्टमरचं काम पाच पाच वेळा बिघडतं. कालच एक बाई विचारत होती, तुमच्याकडे नखं पिवळी पडतात का म्हणून. सोमवारपासून तू वॅक्सिंगच्या खोलीत. नखांना ती नवी मैना बसेल."

"ताई, मैनाला अजून कानशी धरता येत नाही."

"शिकेल."

"मी पुण्याला जाऊन कोर्स केलाय, ताई. दोन महिने."

"मग हात का कच्चा?"

कौसरने कापूस उचलला, स्पिरिटमध्ये बुडवला, बाईंचं बोट धरलं. तेच एक नख तिने तीनदा पुसलं.

शेजारच्या खुर्चीत एक मुलगी केसांना रंग लावून बसली होती. दुसरी भुवया कोरून घेत होती. बाईंनी पेठच्या शाळेत एक नियम ठेवला होता. ज्याने केलं, त्याने उभं राहून सांगायचं. जागेवर बसून कुजबुजलेलं त्यांना चालत नसे. किती पोरांना त्यांनी असं उभं केलं होतं, आणि ती पोरं टेबलाची कड धरून का उभी राहायची, हे त्यांना आत्ता समजत होतं.

बाई टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या.

"अंजली, फोन ठेव."

तो आवाज एकतीस वर्षं वापरलेला होता. अंजलीने फोन ठेवला. भुवयांवरचा दोरासुद्धा थांबला.

"हिचं काम बिघडलेलं नाही. मी बिघडवते. तेल गरम करते, त्यात हळद घालते आणि बोटं बुडवून बसते. अर्धा तास. पहिल्यांदा चुकून झालं होतं. नंतरचं सगळं मी मुद्दाम केलं."

"काय?" अंजली म्हणाली. "मुद्दाम? पण का?"

कारण तयार करून आणलेलं नव्हतं.

"मला गुरुवार पाहिजे होता," बाई म्हणाल्या.

केसांना रंग लावलेली मुलगी फिस्सकन हसली आणि मग आरशात बाईंचा चेहरा दिसल्यावर तिने मान खाली घातली. "अहो मॅडम, मग गप्पा मारायला यायचं ना! कुणी अडवलंय? आपलंच पार्लर आहे," असं अंजली म्हणाली, जसं सगळेच म्हणतात, आणि वाजणारा फोन घेऊन आत गेली. जाता जाता वळून बोलली, "कौसर, सोमवारचं राहू दे."

बाई खाली बसल्या. कौसरने त्यांचा हात पुन्हा ओढून घेतला नाही. टॉवेलकडे नुसती मान हलवली. बाईंनीच हात ठेवला.

कौसरने कानशी उचलली आणि पिवळा थर घासायला घेतला.

"मी रडले होते, बाई. त्या रश्श्यात बोटं बुडवून. वाटलं, मला येतच नाही काही."

"माझं चुकलं."

"हो."

एवढंच. ना अल्तमश, ना मालिकेतली सासू. तिने दहा नखं इतकी सुबक केली की बाईंना ती परक्याची वाटली. दिवा बंद करून म्हणाली, "तीन आठवडे. आता मधे लागणार नाही."

तीन आठवडे म्हणजे दोन गुरुवार मोकळे आणि तिसऱ्याची वाट. पहिल्या गुरुवारी बाईंनी अकरा वाजता कपाट आवरायला काढलं. दुसऱ्या गुरुवारी सुयशचा व्हिडिओ कॉल आला. "आई, नखं काय मस्त दिसतायत!" म्हणाला, आणि त्याला मीटिंग होती. बाई वरण-भात चमच्याने जेवत होत्या. साठ वर्षं हाताने जेवलेल्या माणसाला चमच्याने भात गारच लागतो, कितीही वाफाळता असला तरी. तरी त्यांनी चमचा सोडला नाही. पळी हुकाला टांगलेली होती. तिच्याकडे बघून एकदा मनात आलंही. बाई उठून गच्चीवर गेल्या आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

तिसऱ्या गुरुवारी त्या गेल्या. कौसरने दिवा जवळ ओढला आणि एकेक नख उलटसुलट करून पाहिलं. बाई श्वास रोखून. दहाव्या नखावर ती थांबली.

"एक पण डाग नाही."

"नाही."

"मोजे?"

"मोजे. आणि चमचा."

तिने जुनं पॉलिश काढलं, नवं लावलं. कामापुरतं बोलली. हात सुकल्यावर फोनमध्ये तारखा बघत म्हणाली, "पुढच्या वेळी गुरुवार नाही जमणार. अकराची वेळ दुसऱ्या एका बाईंनी घेतलीय, कायमची. बुधवार आहे."

चेहरा बाईंनी सरळ ठेवला. "बुधवार चालेल."

"अकरा?"

"अकरा."

बाई पर्स घेऊन उठल्या. चपला घालायला दाराशी वाकल्या. पाठीमागे कौसर बाटल्यांची झाकणं घट्ट करत होती.

"कुठल्याच बुधवारी सकाळी गर्दी नसते," ती बाटल्यांकडे बघतच म्हणाली. "जरा आधी आलात तरी चालेल."

"पुढच्याच बुधवारी? नखं तर तीन आठवड्यांनी…"

"नखांचं कुठे म्हणतेय मी?"

बाई वाकलेल्याच राहिल्या. "किती आधी?"

कौसरने खांदे उडवले. "चहावाला दहाला येतो."