काकवी रंगाच्या क्लबचे अध्यक्ष

अध्यक्ष मास्क उलटा लावायचे. निळी बाजू आत, पांढरी बाहेर. आमचा औषधांचा कारखाना, तिथे असले चाळे चालत नाहीत. सुपरवायझर बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या या गड्याला साधा मास्क लावता येत नाही का?" मी अध्यक्षांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "निळा रंग मी तोंडावर मिरवत नाही." निळा म्हणजे त्यांच्या गावातल्या दुसऱ्या फुटबॉल क्लबचा रंग. शेवटी बाईंनीच कुठून तरी दोन्हीकडून पांढरे मास्क मागवले आणि आयरिश लोक झकास या अर्थानं म्हणतात तसं "ग्रँड" म्हणून विषय मिटवला.

ब्राझीलमधल्या उसाच्या पट्ट्यातल्या एका लहान गावचा हा माणूस. मी इंजिनियर होतो त्याच पॅकिंग लाइनवर टेक्निशियन होता आणि आयर्लंडमधल्या ओंगार या उपनगरातल्या घरात माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. गावच्या क्लबच्या समर्थक मंडळाची आयर्लंड शाखा त्यानं स्वतःच काढली होती. सभासद एकच, त्यामुळे अध्यक्षपदाची निवडणूक बिनविरोध. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पहिल्याच आठवड्यात मला न विचारता उपाध्यक्ष करण्यात आलं. तेव्हापासून मी त्याला अध्यक्ष म्हणू लागलो आणि आदरार्थी बहुवचन आपोआप आलं.

मी कोल्हापूरचा. तालमीच्या फुटबॉल संघापायी सख्ख्या चुलत्या-पुतण्यांनी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय, त्यामुळे क्लबचा इतिहास ऐकायला मी बरा श्रोता होतो. साखर कारखान्यातल्या कामगारांनी तो काढला. निळ्यांचा क्लब साहेब लोकांचा, म्हणून यांनी आपल्या अंगावर जी उडते तिचाच रंग घेतला, काकवीचा. अध्यक्षांचा टीशर्ट पाहून मी त्या रंगाचं मराठी नाव सांगितलं, तर ते "काकवी, काकवी" असं दिवसभर घोळवत बसले. पुढे कारखाना बंद पडला, माणसं पांगली. "आता गाव म्हणजे क्लबच," ते म्हणायचे. "दुसरं काय उरलंय दाखवायला?"

त्या क्लबची एक प्रथा होती. सुरुवातीच्या काळात कारखान्यात बॉयलर फुटून काही कामगार गेले, त्यात संघातलेही होते. पुढच्या सामन्याआधी कुणीतरी त्यांची नावं मोठ्यानं वाचली. तेव्हापासून प्रत्येक घरच्या सामन्याआधी, गेल्या सामन्यानंतर वारलेल्या सभासदांची नावं लाउडस्पीकरवर वाचतात आणि मग खेळाडूंची. अध्यक्षांचे वडील हे काम तरुणपणापासून करत आलेले. त्यांचा नियम एकच: एका श्वासात एक नाव. कारखान्याचा मॅनेजर असो की झाडूवाला, कुणाच्या नावावर जास्त रेंगाळायचं नाही. रविवारी जेवणं झाली की अध्यक्ष ओट्यावर फोन ठेवून क्लबचा इंटरनेट रेडिओ लावायचे. मी भांडी घासत त्यांच्या वडिलांचा आवाज ऐकायचो. नावं कळत नसत, आवाज मात्र ओळखीचा झाला होता.

मग सगळीकडे टाळेबंदी आली. काही महिन्यांनी तिकडे सामने पुन्हा सुरू झाले, पण प्रेक्षकांना बंदी. म्हातारा मात्र रिकाम्या मैदानावर जाऊन नावं वाचतच होता आणि ती दर वेळी वाढत होती. अध्यक्ष फोनवर भांडायचे. पोर्तुगीज मला येत नाही, पण लेक बापाला घरी बस म्हणून सांगतोय हे कळायला भाषा कशाला हवी? फोन ठेवल्यावर मला म्हणायचे, "म्हणतो, मेलेल्यांना प्रेक्षक लागत नाहीत. क्लबनं माझ्या बापाला खुळं केलंय." आपल्या क्लबला त्यांनी वाईट बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. नंतर नंतर ते रेडिओ लावेनासे झाले.

एकवीसच्या सुरुवातीला वडील गेले. जाता येण्यासारखं नव्हतं. दफन फोनवर पाहिलं, पाचच मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे गाडीत बसून कामावर गेलो. वाटेत त्यांनी टायरमधली हवा कमी वाटतेय का असं विचारलं. मी पाहतो म्हणालो. मी माझ्या आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या पोराला एकट्याला जेवाय बसवू नकोस बघ." म्हणून आम्ही एकत्र जेवत राहिलो. डाळभात ते खायचे, चव विचारली तर मान हलवायचे. मलाही काही वाटेनासं झालं होतं, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

मग क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला. नावं वाचायला कुणी तयार नव्हतं. मैदान तर रिकामंच आहे, तू तिथून फोनवर वाच, आम्ही स्पीकरला जोडतो, असं तो म्हणत होता. मी अध्यक्षांना म्हणालो, "नाही म्हणा. कुणी वाईट मानणार नाही." ते म्हणाले, "इंजिनियर, मी नाही म्हणालो तर ह्या वेळी नावं वाचली जाणार नाहीत. त्यात तो आहे."

पुढे विमानं नीट सुरू झाल्यावर अध्यक्ष गावी गेले ते गेलेच. अधूनमधून फोन करतात. मला मात्र ते आठवतात ते त्या रविवारचे. स्वयंपाकघरात उभे, अंगात काकवी टीशर्ट, एका हातात फोन. मी नळ बंद केला आणि दाराशी थांबलो. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. आवाज सपाट होता, कारखान्यात बॅच नंबर वाचतात तसा. बऱ्याच नावांनंतर त्यांच्याच आडनावाचं नाव आलं. मीच रडू लागलो, तोंडावर पंचा धरून, आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून.

वडिलांच्या नावानंतर अजून नावं होती. त्यांनी ती सगळी वाचली.