"यायचं चुकलं, साहेब!"

शेवंताबाई कुमरे यांची आणि माझी पहिली ओळख कुऱ्हाडीवरून झाली, हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात मीच लिहिलेलं बरं. आलापल्लीच्या अलीकडच्या आमच्या गावी मी घरजावई म्हणून नुकताच आलो होतो. ग्रामसभेने बांबूचं रान तीन वर्षं तोडीला बंद ठेवलं होतं. मला वाटलं, दोन बांबूंनी काय होतं! दोन तोडून परतताना वाटेत सरपंच शेवंताबाई उभ्या. हात पुढे करून म्हणाल्या, "जावईबापू, कुऱ्हाड द्या." सासऱ्यांनी खूप गयावया केली, तरी ती पंचायतीच्या भिंतीला टांगली गेलीच.

महिन्याभरात तिच्याशेजारी बाईंच्या सख्ख्या दिराची कुऱ्हाड लटकली, तेव्हा माझा राग निम्मा झाला. याच बाईंनी माझ्या बायकोला बाळंतपणात स्वतः दवाखान्यात नेलं, तीन दिवस तिथेच मुक्काम केला. कुऱ्हाडीचा विषय काढला नाही, आणि ती परतही दिली नाही!

पुढे मी पंचायतीत निवडून आलो आणि उरलेला निम्मा राग कामाला लागला. कुऱ्हाडी गेलेल्या घरांचे आम्ही सात सदस्य, त्यात बाईंचे दीरही, एक झालो आणि अविश्वास ठराव आणला. नऊ जणांच्या पंचायतीत सात म्हणजे बाईंची खुर्ची गेलीच! त्यांच्या बाजूचे एकटे लक्ष्मणभाऊ. ते विनवत होते, "बाई, कुऱ्हाडी देऊन टाका ना! लोकं लगेच तुमच्याकडं येतीन." बाई म्हणाल्या, "खुर्चीसाठी देल्या तं ते माफी नाई भाऊ, ते लाच होते."

सभेचा दिवस उजाडला. ठराव वाचून झाल्यावर नव्याने आलेल्या तहसीलदार साहेबांनी विचारलं, "बाजूने कोण?" आम्ही थोडेच बाईंच्या बाजूचे! सातही जण हात बांधून बसलो. लक्ष्मणभाऊंनी मात्र अभिमानाने हात वर केला. साहेबांनी विचारलं, "विरोधात कोण?" अरे, आम्हीच की! सात हात असे ताडकन वर गेले, की खालचा बाक हलला. माझे तर दोन्ही हात वर होते.

"ठराव नामंजूर," साहेब म्हणाले आणि लिहू लागले. नामंजूर कसा, तेच आम्हाला कळेना. साहेब ठरावाबद्दल विचारत होते, आम्ही बाईंबद्दल सांगत होतो! खुर्ची वाचली होती. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं.

बाई उठल्या. लक्ष्मणभाऊ कळवळून म्हणाले, "बाई, चूप बसा!" बाई आमच्याकडे बोट करून बोलल्याच, "थांबा साहेब. यायचं चुकलं. यायले मले उतरवाचं आहे. समजंल असं इचारा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्हाला कळतंय ना काय बोलताय?"

"मले कळते. त्यायले नाई कळलं, म्हणून तं सांगून राह्यली."

पुन्हा विचारलं गेलं. आणि हो, सांगायला लाज वाटते, पण माझा हात पुन्हा वर गेला. ठराव मंजूर झाला. बाईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, दिराला म्हणाल्या, "चला भाऊजी, जेवण थंडं होऊन राह्यलं," आणि दोघं सोबतच घरी गेले.

त्या खुर्चीवर पुढे मी बसलो. सत्ता टिकवायला माणसानं कठोर व्हावं की दयाळू, असा वाद आमच्याकडे पारावर अजून रंगतो. मी तोंड उघडत नाही. दोन्ही करून पाहिलं, दोन्ही वेळा खुर्चीच्या भीतीनेच केलं! बाईंचं तसं नव्हतं हो. त्यांच्यासारखं राज्य करणारं माणूस मी पाहिलं, हेच माझं भाग्य!

शेवंताबाई, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, डोळे असेच तेज राहोत. आजही गावात कुणी "सरपंच!" अशी हाक मारली, की मी माझ्याच खुर्चीवरून उठून तुम्ही आलात का ते बघतो.